मालकांच्या उशाचा पडदा

मित्रांनो, आमचे मालक तादाकानेसाहेब वारले. हे वाक्य तुम्ही वाचलेले नाही आणि मी सांगितलेले नाही. मालक आजारी आहेत.

मी लाकडी चौकटींवर कागद ताणलेला एक जुना घडीचा पडदा आहे. सोनेरी वर्ख, वर बगळ्यांची जोडी. क्योतोच्या कारागिराने मला घडवले. एडोच्या या हवेलीत पाहुणे चहा घेताना माझे कौतुक करीत. पुढे वर्ख उडाला आणि मला झोपायच्या खोलीत टाकले. तिथे मी वारा अडवायचो. आता मालकांना झाकतो.

मालकांना मूल नव्हते. वारस न नेमता ते गेले, तर जपानचे सत्ताधीश शोगुन जहागीर काढून घेणार आणि सगळे सामुराई रस्त्यावर येणार. म्हणून रीत अशी, की मालकांनी पुतण्याला दत्तक घ्यावे, शोगुनच्या अधिकाऱ्याने खातरजमा करावी आणि मगच मालकांनी मरावे. आमच्या मालकांनी क्रम चुकवला.

त्यात उन्हाळा. कारभारी सुकेएमोन यांनी इतका धूप जाळला, की जिवंत माणसेही दिसेनात. मालकांचा म्हातारा सेवक योहेई माझ्यामागे, प्रेताशेजारी बसला. त्याने कण्हायचे आणि विचारले की हो म्हणायचे, एवढेच ठरले होते. तो असा कापत होता, की त्याचा श्वास लागून माझा कागद थरथरत होता.

अधिकारी नाम्बारा येऊन माझ्यासमोर बसले.

"तादाकानेसाहेब, पुतण्याला दत्तक घ्यायचं नक्की ना?"

"हो," योहेई कण्हला. आणि एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने विचारले म्हणून, जन्माच्या सवयीने, त्याने हात टेकून वाकून नमस्कार केला. त्याचे डोके माझ्यावर आदळले. मी कलंडलो.

सुकेएमोन यांचा हात आखूड तलवारीवर गेला. ती नाम्बारांसाठी नव्हती, स्वतःच्या पोटासाठी होती. भीतीने माझ्या बिजागऱ्या करकरल्या.

नाम्बारांनी डोळे घट्ट मिटले, चाचपडत मला धरले आणि नीट उभे केले.

"बराच जोर आहे की साहेबांत," ते म्हणाले. "पण नमस्काराला उठू नका म्हणावं. अशा तब्येतीत जिवावर बेतायचं."

"सांगतो," सुकेएमोन म्हणाले. त्यांचा आवाज योहेईपेक्षा जास्त आजारी होता.

दत्तक मंजूर झाले. पण मालकांनी लगेच मरणे बरे दिसणार नाही, म्हणून आजार चालू ठेवला आहे. रोज वैद्य येतो, नाडी पाहतो, सुधारणा नाही म्हणतो.

मित्रांनो, जुन्या पडद्यांना जपा. त्यांच्यामागे डोकावू नका.

तरी शोगुन सरकारांस नम्र विनंती, की आमचे मालक ज्या दिवशी वारले त्याच दिवशी वारले, असे मान्य करून त्यांना अंत्यविधीस हजर राहण्याची परवानगी मिळावी.