बाल्कनीतला स्वीडनचा राजा

तिसऱ्यांदा बुरूज उभा राहिला आणि तिसऱ्यांदा खाली बसला.

"ही कसली माती आणलीस, नंदिनी!" अप्पा हात झटकत म्हणाले. "ही कुंडीत घालायची. किल्ल्याला चिकणमाती लागते."

"इथल्या बाउमार्क्टच्या दुकानात हीच मिळते, अप्पा." सून लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये होती. तिने माइक बंद करून एवढं सांगितलं आणि परत चालू केला.

पद्माकर ऊर्फ अप्पा म्हणजे साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. किल्ल्यावाचून दिवाळी त्यांनी कधी जाऊ दिली नव्हती. मग साताऱ्याचं अंगण काय, नि जर्मनीतल्या न्युरेम्बर्गची चौथ्या मजल्यावरची बाल्कनी काय! पण खरं सांगायचं तर ते किल्ल्यासाठी आलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा कपिल कामावरून घरी येताना छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून अप्पांनी एकच ध्यास घेतला होता, सून आणि नात यांना साताऱ्याला न्यायचं. परक्या मुलखात दोघींनी कुणाच्या आधारावर राहायचं?

देश सोडताना भरून द्यायचा आबमेल्डुंगचा फॉर्म त्यांनी स्वतः लायब्ररीत जाऊन छापून आणला. दोघींची नावं ठसठशीत अक्षरांत भरली आणि फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावला. नंदिनीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अप्पा, मी नाही येणार." पण अप्पाही काही कमी हट्टी नव्हते. गेले दहा दिवस ती त्याच फ्रिजमधून दूध काढत होती आणि सहीची जागा कोरी ती कोरीच होती. परवा त्यांचं विमान होतं.

तेवढ्यात दार ढकलून स्वानंदी आली. आठ वर्षांची पोर, कोपरापर्यंत चिखल आणि हातात जड बादली.

"आजोबा, लेम! चिकट माती! खाली पाइप टाकायला खणलंय. मी त्या काकांना विचारून आणली."

अप्पांनी गोळा बोटांत दाबून पाहिला. चांगली चिकट, पिवळसर चिकणमाती होती.

"शाब्बास! आता राजगड करू."

"नाइन, राजगड नाही. आल्टे फेस्टे."

"हा कुठला किल्ला बुवा?"

"इथला. झिर्नडॉर्फच्या टेकडीवर. आमची ट्रिप गेली होती. वर वालेनश्टाइन होता, बादशहाचा सेनापती, आणि खालून स्वीडनचा राजा चढत होता, गुस्ताव आडोल्फ. दोन दिवस. सोळाशे बत्तीसमध्ये. पण हरला."

स्वीडन म्हटलं की अप्पांना नोबेल पारितोषिक आणि बोफोर्सची तोफ, एवढंच आठवे. सोळाशे बत्तीस म्हणजे महाराज जेमतेम दोन वर्षांचे, त्यांनी मनात हिशेब केला. नातीकडून इतिहास शिकायची पाळी आली म्हणून ते जरा खट्टू झाले.

"हरलेल्या राजाचा कुणी किल्ला करतं का गं?"

"मी करते," स्वानंदी म्हणाली आणि माती थापायला लागली.

दुपारपर्यंत टेकडी झाली, बुरूजही टिकला. अप्पांनी साताऱ्याहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली मातीची चित्रं बाहेर काढली. एक मावळा वालेनश्टाइन होऊन वर बसला. पायथ्याशी घोडेस्वार ठेवला, तो स्वीडनचा राजा. मग स्वानंदीने तो उचलला, लांब नेला आणि फरशीवर आडवा केला.

"हे काय?"

"दोन महिन्यांनी मेला. ल्युट्झेनच्या लढाईत. खूप धुकं होतं."

"मग संपलं की." अप्पांचा आवाज नकळत वर चढला. "राजाच गेल्यावर बाकीच्यांनी मागे थांबून करायचं काय? सरळ आपल्या घरी जावं."

"नाही गेले. त्याचं सैन्य इथेच राहून लढलं." तिने गवळण उचलली. प्रवासात तिच्या डोक्यावरची घागर फुटली होती. स्वानंदीने तिला पार कोपऱ्यात, कुंडीच्या कडेवर उभं केलं. "ते स्वीडन. ही क्रिस्टिना, त्याची मुलगी. तिला सहा पण पूर्ण नव्हती. तीच राणी झाली."

कपिल गेला तेव्हा स्वानंदीला सहावं सरत आलं होतं.

"एवढीशी पोर काय राज्य करणार?" अप्पा म्हणाले.

"कान्स्लर होता ना, दाढीवाला प्रधान. ती मोठी होईपर्यंत त्याने सगळं सांभाळलं. मग त्यांना इथली शहरंपण मिळाली, विस्मार, श्ट्रालझुंड."

"त्याने तिला म्हटलं नाही, तुला जमायचं नाही, सोड हे सगळं?"

स्वानंदीने मान वर केली. हा काय प्रश्न झाला, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"असं कसं म्हणेल? तिचंच होतं ना ते." मग तिने हात पुसले. "आता झेंडा. मला कागद द्या, पांढरा."

अप्पा उठून आत गेले. पडद्यावरच्या पाच चेहऱ्यांना नंदिनी जर्मनमध्ये काहीतरी ठामपणे पटवत होती. "गेनाऊ!" म्हणत, होकाराची मान डोलावत त्यातला एक हसला, तशी तीही हसली. आल्यापासून अप्पांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ते फ्रिजसमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांना कपिलची फार आठवण आली. मग त्यांनी चुंबक सरकवला.

बाल्कनीत येऊन ते मांडी घालून बसले, फॉर्म उलटा केला आणि कात्री चालवली.

"आजोबा! ते तर आईचं पापिअर आहे! आमची नावं आहेत त्याच्यावर!"

"असू देत. मागची बाजू कोरी आहे." त्यांनी कात्री बाजूला ठेवली. "निळा खडू दे. आणि पिवळा."

मीटिंग संपवून नंदिनी दारात आली तेव्हा बुरुजावरचा मावळा खाली उतरला होता आणि वर काडीला स्वीडनचा निळापिवळा झेंडा लागला होता. वाऱ्याने तो वळला आणि मागची ठसठशीत अक्षरं तिला दिसली. तिने फ्रिजकडे पाहिलं, मग अप्पांकडे. तिचे डोळे भरून आले.

"चहा टाकते, अप्पा."

"टाक. आणि घरात अळीव असतील तर आण, किल्ल्यावर पेरू." अप्पा झेंड्याची काडी मातीत घट्ट रोवत म्हणाले. "उगवायला चार दिवस लागतील. मी काही तेव्हा इथे नसेन. तुम्ही दोघी पाणी घाला, आणि मला फोटो पाठवा."