मडगावचा सामना

आष्ट्याचा धन्यकुमार मगदूम राष्ट्रीय लीगमध्ये खेळतो, हे सांगलीत फार थोड्यांना माहीत होतं. कुस्तीच्या मुलखात फुटबॉलला कोण विचारतो? फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या लालासाहेबांनी त्याला सांगलीच्या मैदानावर तयार केलं होतं. मुंबईच्या एका कंपनीच्या संघानं त्याला बचावफळीत घेतलं, तेव्हा घरच्यांपेक्षा तेच जास्त हरखले होते.

लीगचं ते दुसरं वर्ष, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं. संघ सुरुवातीपासूनच हरत गेला. धन्यकुमार जैन घरातला, दिवस मावळल्यावर जेवत नसे आणि सराव संपेपर्यंत अंधार पडायचा. मग तो तसाच झोपायचा. वाळून गेला होता, तरी एकही सामना त्यानं सोडला नव्हता.

शेवटचा सामना मडगावात होता. हरलं तर लीगमधून खाली जायचं, आणि खाली गेलं तर कंपनी संघच बंद करणार, असं सगळे बोलत होते. धन्यकुमारची बायको त्रिशला आणि लालासाहेब एसटीनं गोव्याला गेले.

खेळ सुरू झाला आणि लालासाहेब पुढं वाकून बघायला लागले. धन्यकुमार वळताना उजवा पाय टेकवत नव्हता.

"ह्याचा गुडघा गेलाय," ते म्हणाले. "तुला ठावं हुतं?"

त्रिशला खाली बघत म्हणाली, "पंधरवडा झाला सुजून. सुई टोचून खेळत्यात. तुमास्नी सांगू नको म्हणाले."

मध्यंतराला लालासाहेब कठड्यापाशी गेले. धन्यकुमार गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता.

"बाहेर ये. आज खेळलास तर पुन्हा धावायचा न्हाईस."

"तात्या, बरोबरी हाय अजून."

"असू दे. तुझ्या जागी दुसरा घालतील."

"दुसरा कोण हाय? एक तापानं पडलाय, एकावर बंदी हाय." तो हळू बोलत होता. "मी उठलो आन् संघ बुडाला, तर ह्या पोरांस्नी काय तोंड दाखवू?"

लालासाहेब कठड्यापासून मागं फिरले. जखमी झाल्यावरही जागा सोडायची नाही, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

खेळ संपत आला असताना गोव्याच्या संघाचा एक पोरगा चेंडू घेऊन उजवीकडून आला. धन्यकुमार वळला आणि तिथंच कोसळला. त्याला ओलांडून पोरानं गोल केला. मैदानात जल्लोष झाला. धन्यकुमारला दोघांनी खांद्यावर धरून बाहेर नेलं. तो रडला नाही. "चुकलं माझं," एवढंच बरोबरच्यांना म्हणत राहिला.

संघ खाली गेला आणि कंपनीनं तो बंदही केला. खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी खेळाबरोबरच गेली. गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं, पण पाय पूर्ण वाकेना.

पुढच्या वर्षी लालासाहेब आष्ट्याला आले. धन्यकुमार सोप्यात खाटेवर बसला होता.

"सांगलीला ये गड्या. पोरांस्नी शिकव. बसून सांगितलंस तरी चालंल."

"काय शिकवू तात्या?"

"खेळ."

धन्यकुमारनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "त्यास्नी मी जागा सोडायची न्हाई, हेच शिकवणार. दुसरं मला येत न्हाई. आन् तुमी मला शिकवलं तसंच ती ऐकतील."

त्रिशला चहा घेऊन आली. लालासाहेबांनी कप हातात घेतला, पण चहा प्यायला नाही. आपण काही चुकीचं शिकवलं असं त्यांना म्हणवत नव्हतं, आणि बरोबर शिकवलं असंही म्हणवत नव्हतं. थोड्या वेळानं ते उठले. धन्यकुमारही दाराची चौकट धरून उठायला लागला.

"बस, बस," लालासाहेब म्हणाले. तरी तो उठलाच, आणि त्यांना पोचवायला लंगडत रस्त्यापर्यंत गेला. एसटी येईपर्यंत दोघं उन्हात उभे होते. त्यानंतर लालासाहेब आष्ट्याला आले नाहीत, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी सांगलीतला सरावही बंद केला.