डाव्या कोपऱ्यातला अंगठा

हरिहररावांनी कणकेची बारीक गोळी १९०७ सालच्या रुपयाच्या एका कडेखाली दाबली. रुपया किंचित कलला, खिडकीतला उजेड राजाच्या दाढीत शिरला आणि कडेची इंग्रजी अक्षरं स्वच्छ वाचता आली. रव्याचा नि पोह्यांचा असे सारख्या उंचीचे दोन डबे, त्यांवर आडवा टाकलेला मोबाईल, आणि उजेड नाण्यावर परतवायला डावीकडे उभा केलेला पांढरा कागद. झाला स्टुडिओ! दिव्यांच्या महागड्या पेटीवाचून डोंबिवलीत कोणाचं घोडं अडलं होतं?

फक्त आता तो कागद कपड्यांच्या चिमट्याने उभा होता. वर्तकनगरहून आलेल्या लेकीची, रसिकाची युक्ती. आधी तीन वर्षं तो शुभदाताई धरायच्या. पोळ्या अर्ध्या टाकून यायच्या, आणि दर फोटोत डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा डोकावायचा.

"अगं, अंगठा!" हरिहरराव खेकसायचे.

"अहो, मग कागद काय हवेत उभा करू?"

घाईघाईने तोच फोटो आधी कळव्याच्या सुदेशला जाई. कधी भेटला नव्हता, पण नाण्यांचा खरा वेडा, नेहमीचं गिऱ्हाईक. मग नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायला हरिहरराव अंगठा कापत आणि मूळ फोटो पुसून टाकत. शिस्तीचा माणूस ना! एरवी कॅमेरा दिसला की शुभदाताई आत पळायच्या. श्रावणात त्या गेल्या, तेव्हा भिंतीवर लावायला धड फोटो मिळेना. शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. त्यात त्या ओळखूही येत नव्हत्या.

"बाबा, बघा किती क्लीन आलाय!" रसिका म्हणाली.

हरिहररावांनी तो सुदेशला पाठवला. हा रुपया जपणाऱ्याच्याच हाती जावा, एवढीच त्यांची इच्छा होती. उत्तर लगेच आलं.

"काका, राग मानू नका, पण हा नेटवरून उचललाय का? हल्ली खूप फसवतात."

हरिहररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षं बँकेत काढली, कोणी बोट दाखवलं नाही, आणि हा कालचा पोरगा!

"कशावरून?" त्यांनी लिहिलं.

"तुमच्या फोटोत अंगठा असतो."

त्यांनी चिमटा काढून फेकला. कागद स्वतः धरला, टायमर लावला. दहा सेकंद त्यांनी श्वास रोखला आणि आलेला फोटो पाठवला.

"हा तुमचा आहे काका. नेहमीचा वेगळा. नखाला हळद असते."

रसिका चहा घेऊन आली, तर बाबा मोबाईल हातात धरून नुसते बसलेले.

"काय झालं?"

"मी तिचा अंगठा कापत होतो," ते म्हणाले, "आणि तो बघत होता गं."

मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "ती माझी पत्नी. श्रावणात गेली." आजवर त्यांनी हे कुणालाच लिहिलं नव्हतं. सगळ्यांना रसिकानेच कळवलं होतं.

चहावर साय धरली, तेव्हा उत्तर आलं.

"सॉरी काका. रुपया मी घेतो. जुने फोटो आहेत माझ्याकडे, सगळेच्या सगळे. पाठवू?"

"पाठव."

मोबाईल थरथरू लागला. शिवराई आली, पावली आली, अधेली आली. कोपऱ्यात अंगठा. कधी नखाला हळद, कधी बोटाला पीठ, एकदा भाजल्याचा डाग. तो कधी भाजला होता, हे त्यांना आठवेना. हरिहरराव एकाही नाण्याकडे बघत नव्हते. रसिका मागे उभी राहून रडत होती.

शेवटच्या फोटोत नाणं लख्ख होतं आणि अंगठा धूसर, कागदावरून निसटता. त्या दिवशी ते जरा जास्तच ओरडले होते. शुभदाताईंनी हात पटकन मागे घेतला होता.