चोपन्न अंशांवर आठ तास

विश्वाला आदि नाही आणि अंतही नाही, हे आमच्या बँडचं तत्त्वज्ञान होतं. अंत होता. तो १९९१ च्या मार्चमध्ये केटरिंग गावातल्या एका पबच्या मागच्या खोलीत झाला. श्रोते अकरा, त्यांतले दोन डार्ट खेळत होते.

आता अठ्ठावीस वर्षांनी लीड्सची एक छोटी कंपनी आमचा समग्र संग्रह काढतेय. 'ल्युनर लॉजर्स : संपूर्ण कक्षा', तीन तबकड्या. सोबतची पुस्तिका लेनने लिहिली. लेन म्हणजे आमचा गायक, गिटारवाला आणि स्वतःचा चरित्रकार. एकोणीस पानांत माझा उल्लेख एकदाच येतो : 'व्हॅन क्लाइव्ह चालवायचा.' मी पाच वर्षं ऑर्गनही वाजवायचो. व्हॅन जास्त सुरात चालायची, हे मान्य.

त्या पाच वर्षांत मी गाणं एकच केलं, नऊ मिनिटांचं. ते कधी बाहेर आलंच नाही. त्याची एकमेव फीत लेनच्या पोटमाळ्यावर नाताळच्या दिव्यांखाली सापडली. गाण्यांची यादी रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायची होती आणि शेवटच्या तबकडीवर नऊ मिनिटं रिकामी होती. लेनच्या मते तिथे त्याची मुलाखत शोभली असती.

जुन्या फितींना वयोमानाने घाम सुटतो. चिकट होतात, यंत्रावर चढवल्या की आवाजासकट सोलून निघतात. उपाय एकच : चोपन्न अंशांवर आठ तास भाजायच्या, निववायच्या, मग वाजवायच्या. माझा ओव्हन गॅसचा, त्याचा भरवसा नाही. लेनकडे विजेचा. म्हणून त्या रविवारी सकाळी सहाला मी थर्मामीटर घेऊन त्याच्या दारात.

नऊला लेनची बायको हेझल खाली आली.

"माझ्या ओव्हनमध्ये काय आहे?"

"क्लाइव्हचं गाणं," लेन म्हणाला.

"आणि रविवारचं बीफ कुठे भाजू? तुझ्या डोक्यावर?"

"दोनपर्यंत थांब ना, हेझल," मी म्हटलं.

"माझी बहीण एकला येतेय. तिला काय सांगू, जेवण अंतराळात आहे?"

"तिला शेरी दे," लेन म्हणाला. "बीफ आठवणारच नाही."

हेझलने बटाटे सोलायला घेतले. तिची सोलण्याची गती मला आवडली नाही.

मी ओव्हनसमोर स्टूल टाकून बसलो. पंचावन्न झाले की दार किलकिलं, त्रेपन्न झाले की बंद. मधेच उठलो, बागेकडे निघालो, दाराशीच परत फिरलो, थर्मामीटर पुसला, पुन्हा पुसला. हेझलची बहीण डोकावून म्हणाली, "झालं का?"

"कच्चं आहे अजून," हेझल म्हणाली. "तेव्हाही होतं."

दोनला फीत बाहेर, बीफ आत. चार वाजून दहा मिनिटांनी फीत यंत्रावर चढवली. कळ लेनने दाबली.

आणि वाजलं. ऑर्गनच्या एका पट्टीवर वजनाला बीन्सचा डबा ठेवून धरलेला तो एकच सूर, त्यावर हळूहळू उगवणारा माझा आवाज. लेन आठ मिनिटं एक शब्द बोलला नाही. त्याच्या आयुष्यातला विक्रम. नवव्या मिनिटाला, गाण्यातले ग्रह एकेक करून विझत असताना, फितीतलं दार करकरलं आणि एका तरुण बाईचा आवाज आला : "चहा कोणाकोणाला? आणि हा डबा माझा आहे." डबा उचलला गेला. सूर तुटला.

मला आठवलं. याच घरात आम्ही तेव्हा चहा प्यायलो होतो आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं उद्यावर टाकलं होतं. तो उद्या काही आला नाही.

"गेलं," मी म्हणालो.

"गाढवा, इतका चांगला शेवट आपल्याला कधी सुचला होता का?" लेनने यादी ओढली, आपली मुलाखत खोडली आणि लिहिलं : गीत-संगीत, क्लाइव्ह. आवाज, क्लाइव्ह आणि हेझल. पाचला सात मिनिटं कमी असताना यादी गेली.

मी तिथेच उभा राहिलो. अठ्ठावीस वर्षांचं काहीतरी साठलं होतं. ते सांगायला मी हेझलकडे वळलो.

"उभाच आहेस तर," ती म्हणाली, "बटाट्यांचा ट्रे तेवढा आत सरकव."