पालथं हृदय

पहिल्याच वर्षी सल्लागार बाईंनी मला विचारलं होतं, "डॉक्टरच व्हायचंय का तुला? दुसरं काही मनात नाही?" मी म्हटलं, "दुसरं मनात असतं तर तुमचं डोकं खायला कशाला आले असते?" तेव्हापासून बाई माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

आमच्या युनिव्हर्सिटीत बायॉलॉजीच्या वर्गाला चारशे पोरं बसतात आणि चारशेच्या चारशे जणांना डॉक्टर व्हायचं असतं. एवढे डॉक्टर झाले तर मिनेसोटात आजारी पडायला माणूस उरणार नाही, म्हणून आम्हाला गाळायची सोय आधीच करून ठेवलीय. या विषयात बी ग्रेडच्या खाली गेलात की मेडिकल विसरायचं. आणि मी बीच्या एका मार्काने खाली होते.

तो मार्क माझा होता हो! माझ्या हक्काचा! प्रॅक्टिकलला ओळीने ट्रे मांडलेले असतात, एकेका अवयवाला टाचणी टोचलेली. हात लावायचा नाही, बघून नाव लिहायचं, घंटा झाली की पुढे सरकायचं. मेंढीच्या हृदयाला टाचणी होती ती माझ्या डाव्या हाताला. पुस्तकातल्या चित्रात, समोर उभ्या माणसाचा उजवा हात येतो तसा, तिथे उजवा कप्पा असतो, म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून 'उजवा' लिहिलं. पण हृदयाच्या पुढच्या अंगावर चरबीची तिरकी रेघ असते, ती मला काही केल्या दिसेना. म्हणजे ते पालथं पडलेलं होतं, डाव्याचं उजवं झालेलं. मी 'डावा' लिहिलं आणि त्यावर ही मोठी लाल फुली आली.

"सोड ना गं," ओडेसा म्हणाली. ओडेसा माझी रूममेट. तिला अगदी काठावरचा ए मिळाला होता आणि त्या आनंदात तिने आख्ख्या मजल्याला डोनट वाटले होते. "लिंडक्विस्टकडे मार्क मागायला गेलेलं कुणी धड परत आलेलं नाही."

"मागायला कोण जातंय? माझा आहे तो आणायला जातेय."

"तुझ्या तोंडाला ना कुलूपच घालायला हवं," असं म्हणत तिनेही कोट चढवला आणि बर्फ तुडवत माझ्यामागे आली.

प्रोफेसर लिंडक्विस्ट लॅबमध्येच सापडले. ट्रे अजून तिथेच होता, टाचणीसकट.

"तीनशे नव्व्याण्णव जणांनी उजवा लिहिलंय, कोवाल्चिक. ते सगळे मूर्ख आणि तू एकटी शहाणी?"

"हो," मी म्हटलं. मग जरा बरं दिसावं म्हणून पुढे 'सर' जोडलं. "दाबून बघा ना. उजव्या कप्प्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, तो मऊ लागतो. डाव्याला अंगभर पोचवायचं असतं, म्हणून तो घट्ट."

त्यांनी ग्लोव्ह चढवला आणि टाचणीच्या शेजारी दाबलं. मग पलीकडे दाबलं. पुन्हा अलीकडे. त्यांचे कान लाल झाले.

"टाचण्या मीच लावल्या होत्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट मांडीन. पण यंदाचा निकाल लागलाय. तुला मार्क द्यायचा तर उत्तर बदलावं लागेल, आणि उत्तर बदललं तर बाकी सगळ्यांचा मार्क कापावा लागेल. मैत्रिणीला विचारलंस का?"

हा विचार मी केलाच नव्हता. ओडेसाचा ए! तो गेला असता. मी तिच्याकडे बघितलं.

ओडेसाने बाजूचा ग्लोव्ह घेतला, हृदय हातात घेतलं, दोन्हीकडून दाबलं आणि खाली ठेवलं.

"कापा, सर," ती म्हणाली. "उद्या माणसाला तपासताना चित्र बघून सांगू का मी?"

सोमवारी लिंडक्विस्टनी भर वर्गात सांगितलं की टाचणी चुकली ती त्यांची, उत्तर चुकलं ते वर्गाचं, एका मुलीने ते दाखवून दिलंय आणि बाकी सगळ्यांचा मार्क कापला जाईल. मग जो गलका झाला! ब्रॉडी नावाचा एक आहे, बाप सर्जन, आजोबा सर्जन. तो बाकावर चढून ओरडला, "कोण ती चुगलखोर? समोर ये!"

मी उठले. आवाज खणखणीत निघाला. "मी! वेंडा कोवाल्चिक! आणि चुगली नाही केली, बरोबर उत्तर लिहिलं. ज्याला पटत नसेल त्याने खाली लॅबमध्ये यायचं आणि दाबून बघायचं. मी थांबतेय तिथे."

"डोकं फिरलंय हिचं," कुणीतरी म्हणालं. फिरलं तर फिरलं.

मी ट्रे पुढ्यात घेऊन लॅबच्या दाराशी उभी राहिले. ओडेसा ग्लोव्ह वाटत होती. मला वाटलं होतं, चार टवाळ येतील. रांग जिन्यापर्यंत गेली. सगळ्यात पुढे ब्रॉडी. त्याने एका बाजूला दाबलं, दुसऱ्या बाजूला दाबलं, आणि हात तसाच ठेवून उभा राहिला.

"काय?" मी विचारलं.

"घट्ट आहे," तो खाली बघत म्हणाला.

"मोठ्याने सांग."

"घट्ट आहे!"

"बरं," मी म्हटलं. "पुढचा!"