भिंगात खोट नव्हती

मी दुर्बीण बोलतेय. माझ्याजवळ येणारा प्रत्येकजण एक डोळा मिटतो. आज डोळे राहू द्या, कान मात्र दोन्ही उघडे ठेवा.

माझी नळी पितळेची. आधी मी हैदराबादच्या एका फौजी अंमलदाराकडं होते. त्यानं मला कातडी पेटीत ठेवलं, आभाळ कधी दाखवलंच नाही. संस्थान विलीन झालं, त्याचं सामान विकायला निघालं आणि तेर गावचे विष्णुपंत मास्तर मला घरी घेऊन आले. माळवदाच्या कठड्यावर ज्वारीचं पोतं टाकून त्यांनी मला त्यावर बसवलं. एवढा मान फौजेतसुद्धा मिळाला नव्हता!

सत्तावन्न सालच्या चैत्रात मावळतीला धूमकेतू आला. मास्तर हरखले. रोज दिवेलागणीला त्याची जागा कागदावर मांडायची आणि शेवटी सगळे कागद वेधशाळेला पाठवायचे, असं त्यांनी ठरवलं. "जन्मात एक तरी काम नोंद घेण्याजोगं होऊ दे," असं ते म्हणत. पण त्या दिवसांत ते मला सारखे उपरण्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "भिंगावर धूर बसलाय." मला राग यायचा. धूर माझ्यात नव्हता हो!

एका संध्याकाळी त्यांच्या पत्नी वनमालाबाई वर आल्या. रांगोळीचे ठिपके नुसत्या नजरेनं ओळीत घालणारी ती बाई. शेजारच्या दगडाबाई खालून ओरडल्या, "बघू नका बाई त्या शेंडीच्या ताऱ्याकडं, लई वंगाळ असतंय!" तरी वनमालाबाईंनी डोळा लावलाच.

"अहो, शेपूट वर आहे, पण खाली मावळतीकडं पण एक बारीक काटा आहे."

"कुठं? धूमकेतूचं शेपूट सूर्याच्या उलट बाजूलाच असतं," मास्तर चिडले. "भिंगच चिरलंय. हे लिहून पाठवलं तर लोक हसतील. तांबटाकडं टाकतो हिला, एखादा तांब्या तरी होईल."

तांब्या! माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

वनमालाबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला पोत्यावर लाटण्यासारखं जागच्या जागी फिरवलं. पूर्ण एक फेरा. डोळा भिंगालाच होता.

"चीर असती तर नळीबरोबर काटा पण फिरला असता. तो जागचा हलत नाही."

मास्तरांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ लावला. मग खाली बसत हळूच म्हणाले, "अगं, मला काटा दिसत नाही. खरं सांगू? शेपूट पण दिसत नाही. चार दिवस मी अंदाजानं मांडतोय."

मला त्यांची फार दया आली. सगळा राग विरून गेला.

"मग ते चार कागद काढून टाकू," वनमालाबाई म्हणाल्या. "आजपासून मी बघते, तुम्ही लिहा. आणि सोलापूरला जाऊन डोळे दाखवू."

काट्यासकट कागद गेले. खाली सह्या दोघांच्या. वेधशाळेचं उत्तर आलं की तसाच काटा इतर ठिकाणांहूनही दिसला, तुमच्या नोंदी उपयोगाच्या आहेत. मास्तरांनी ते पत्र स्वतः वाचलं, मोतीबिंदू काढून आलेल्या डोळ्यांनी. आता त्यांच्या नाकावरही दोन जाड भिंगं आहेत, म्हणजे माझी भावंडंच.

आज पासष्ट साल आहे. माझं पितळ काळवंडलंय, पण नजर शाबूत आहे. तुम्ही कधी आलात आणि काही दिसलं नाही, तर लगेच मला पुसायला घेऊ नका, एवढंच मागणं.

सध्या पहाटे उगवतीला नवा धूमकेतू दिसतोय. मास्तर आधी वनमालाबाईंना बघायला लावतात. आज तर दगडाबाईसुद्धा माळवदावर चढून आल्या.

"सरका जरा, मला बी बघू द्या. ह्याला काटा हाय का?"

त्यांनी डोळा लावला. याला काटा नव्हता. नसलेला काटा मी कुणालाच दाखवत नाही.