डावीकडचा दांडा

अमेरिकेत मोंटानात मार्वा राहते त्या भागातली माणसं एकमेकांना काहीही देतात. ट्रक देतात, पैदाशीला बैल देतात, बर्फात अडकलात तर स्वतःचं अंथरूणही देतील. फक्त एकानं घरी बंदुकीची दारू घालून भरलेलं काडतूस दुसरा कधी वापरत नाही. ज्याची चूक त्याच्याच तोंडाशी फुटावी, असा तिथला सरळ हिशेब. मार्वाचा नवरा अर्लो या बाबतीत भलताच कर्मठ. एका शिकारीत त्याची काडतुसं ओढ्यात वाहून गेली, तेव्हा सख्ख्या भावानं पुढे केलेला डबा त्यानं परत सारला आणि हात हलवत घरी आला.

अपवाद एकच, मार्वा. लग्न झाल्यापासून अर्लोनं भरलेल्या काडतुसाशिवाय दुसरं तिनं बंदुकीत घातलं नव्हतं. गॅरेजमध्ये त्याचं काम बघत बसायला तिला मनापासून आवडायचं. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या करायचा, प्रत्येकीत दारू घालायचा आणि मग ती सगळ्यांत सारखी पडली का हे बघायला टॉर्च घेऊन एकेकीत असा डोकावायचा, की शेजारी घर पेटलं तरी मान वर होणार नाही. त्या वेळी तो तिला फार देखणा वाटायचा. एरवी तसा बेताचाच होता.

या वसंतात मात्र तिच्या बंदुकीतून दणक्याऐवजी नुसतं फट् झालं. तिनं नळीतून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसेना. पुंगळीत दारूच नव्हती आणि गोळी नळीत अडकून बसली होती. न बघता पुढची झाडली असती, तर नळी फुटून तोंडावर आली असती. तिनं पितळी सळईनं गोळी ठोकून काढली, घरी आली आणि काही झालंच नाही अशी बटाटे सोलायला बसली.

अलीकडे अर्लो विसरायला लागला होता. कॉफी ठेवून विसरायचा, कुत्र्याला दोनदा जेवू घालायचा. कुत्र्याची काही तक्रार नव्हती. पण ‘तुझ्या हातच्या काडतुसाचा मला भरवसा वाटत नाही’ हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगावं तर माणूस खचेल, न सांगावं तर एल्क हरणाच्या शिकारीला दोघं तोच डबा घेऊन डोंगरात जाणार. मार्वाचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात एका सकाळी अर्लो म्हणाला, “काडतुसं भरायला आता टरेट प्रेस घेऊ या. जुन्या प्रेसवर एक डाय काढा, दुसरी बसवा, खांद्याचा पार भुगा होतो.”

टरेट प्रेसच्या फिरत्या माथ्यात सगळ्या डाय, म्हणजे साचे, एकदमच बसवलेल्या असतात. माथा फिरवत गेलं की एकेक काडतूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत तयार होऊन बाहेर पडतं. म्हणजे सगळ्या पुंगळ्या उभ्या करून तपासायचा तो ठोकळा गेला, टॉर्च गेला. पण तिनं कोट चढवला आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

दुकानदार व्हर्न अर्लोचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं सगळ्यात चकचकीत प्रेस पुढे केलं. “हे घे. दांडा ओढला की माथा आपोआप फिरतो. तू आपला गाणी म्हण.”

“मग लक्ष कशावर ठेवायचं?”

“लक्ष ठेवायला मार्वा आहे की.”

मार्वा काडतुसांच्या रिकाम्या डब्यांची किंमत वाचू लागली.

अर्लोनं एकही प्रेस सोडलं नाही. माथा धरून हलवला, खडखड ऐकली, बोटानं फट चाचपली, दांडा खालपर्यंत नेऊन तिथेच धरून ठेवला. घोडा विकत घेणाराही इतकं बघत नाही. शेवटी तो एका जाड लोखंडी प्रेसपाशी थांबला. त्याचा माथा हातानं फिरवावा लागत होता.

“हे आपोआप पुढे जात नाही,” तो म्हणाला. “आपण नेलं तरच जातं. दांडा डावीकडे लागतो का?”

“लागतो. पण तू डावरा कधी झालास?”

“खांदा रे.”

मग त्यानं गुडघे वाकवले, मान खाली घेतली आणि त्या अवघडलेल्या अवस्थेत प्रेसकडे बघत राहिला.

“काय रे, लग्नाची मागणी घालतोयस का प्रेसला?” व्हर्ननं विचारलं.

“दारू पडल्यावर पुंगळीत नजर पोचते का, बघतोय,” अर्लो म्हणाला. “पोचते. बांध हे.”

घरी त्यानं प्रेस बाकावर न बसवता खालच्या फळीवर बसवलं. मार्वाला राहवलं नाही.

“इतकं खाली? तुझी कंबर राहील का?”

“माझ्या कमरेचा काय संबंध? बस इथे.”

ती स्टुलावर बसली. तिचा डावा हात आपसूक दांड्यावर गेला. जेवण, सही, बंदूक, सगळं ती डाव्याच हातानं करायची. मान न वाकवता तिला पुंगळीचं तोंड दिसत होतं. दांडा, उंची, सगळं तिच्याच मापानं घेतलं होतं, हे मार्वाला एकदम कळलं.

“तुला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“सळईला गोळीचं तांबं लागलेलं होतं. पुसायला विसरलीस.” तो हसला. “म्हणजे या घरात मी एकटाच विसरभोळा नाही.”

“मी सांगणार होते, अर्लो.”

“नसतं सांगितलंस. ओळखतो मी तुला.” मग म्हणाला, “हे काम तुझ्या हाती देणं मला जड गेलं, मार्वा. खोटं कशाला बोलू? पण तुला काही झालं असतं, तर ते मला मुळीच पेललं नसतं.”

तो तिच्या मागे उभा राहिला, हात पाठीशी बांधून. एकदाही त्यानं दांड्याला हात लावला नाही. नुसतं बोलत होता: दारू टाकलीस, आता थांब, आत बघ, मगच माथा फिरव. तिनं एकदा न बघताच माथ्याला हात घातला, तर त्यानं ती पुंगळी उपडी करायला लावली आणि सगळं पहिल्यापासून करून घेतलं. मार्वाला राग आला, आणि असा माणूस आपल्या वाट्याला आला याचा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी दोघं गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानात गेली. मार्वानं बंदूक उचलली, तोच अर्लोनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

“वेडा झालास का? माझं पहिलंच काडतूस आहे. मला झाडू दे आधी.”

“इतकी वर्षं माझं झाडताना तू कधी विचारलंस?”

त्यानं तिचं काडतूस आत सरकवलं आणि बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवला. मार्वानं डोळे मिटून घेतले. दणका नेहमीसारखाच झाला. तिनं डोळे उघडले तेव्हा अर्लोनं लक्ष्याकडे पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या काडतुसासाठी त्यानं तिच्यापुढे हात पसरला होता.